दहा हात पुढं, दहा हात मागं

मला मदत केली ती बिडकीनच्या जीपवाल्या चाचांनी. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात रागच जास्त आहे, आणि रागाच्या भरात माणूस उपकार विसरून जातं. चाचांचं नाव लिहीत नाही. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, कायकू लिखती बेटा, आरटीओवाले वाचतील.

त्यांनी मदत केली ती एका कुत्र्याला गाडीत बसायला शिकवायला. ऐकणाऱ्याला हसू येतं. माझ्या नवऱ्यालाही यायचं. पण त्या कुत्र्याला घर राहणार की ते रस्त्यावर येणार, हे त्या एकाच गोष्टीवर ठरणार होतं. निदान मला तसं सांगितलं होतं.

मी मुखेडकडची, धनगराची लेक. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मेंढरामागं माणूस कमी पडलं म्हणून सोडवली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर औरंगाबादला आले. तेव्हा पाट्यांवर तेच नाव होतं. माहेरापासून एसटीनं अख्खा दिवस लागायचा, त्यामुळं जाणं दिवाळीला, तेही एखाद्या वर्षी नाहीच. नवऱ्याला पैठण रस्त्यावर, नक्षत्रवाडीच्या पुढं एका बंगल्यावर राखणीचं काम मिळालं होतं. बंगल्याच्या मागं आम्हाला पत्र्याची खोली दिली. मी आत धुणंभांडी करायची, दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. मला त्या दिवसांत सगळ्याचीच भीती वाटायची. मॅडमनी नुसतं "जरा इकडं ये" म्हटलं तरी वाटायचं, की आता खोली खाली करा म्हणतात का काय. आणि काही म्हणाल्या नाहीत की इतकं बरं वाटायचं, की मी न सांगितलेली कामंसुद्धा करून टाकायची. फरशी दोनदा पुसायची. मला वाटायचं, ह्यांनी छप्पर दिलंय, ह्यांच्याविषयी वाकडं मनात आणलं तर आपलं वाईट होईल.

पावसानं दगा द्यायचं ते सलग तिसरं वर्ष होतं. बंगल्यात टँकर यायचा. टँकरवाला यायच्या आधी फोन करायचा, आणि साहेब सगळी कामं सोडून टाकीच्या झाकणाशी उभे राहायचे. तिकडं गावं ओस पडत होती आणि इकडं शहर वाढत होतं. बंगल्यासमोर मोकळं रान होतं, त्याचे प्लॉट पडले. चुन्याच्या रेघा, कोपऱ्याला सिमेंटचे ठोकळे, त्यावर लाल-पिवळ्या झेंड्या. राहायला अजून कुणी आलं नव्हतं, म्हणून त्या हिवाळ्यात एक मेंढपाळ कुटुंब मेंढ्या घेऊन तिथं उतरलं. एरवी त्यांना शेतकरी बोलावून नेतात, रात्रभर रानात मेंढ्या बसवून घेतात, खत होतं म्हणून. त्या वर्षी कुणाच्या रानात काही पेरलेलंच नव्हतं तर खत कशाला हवंय. मी भिंतीवरून बघत राहायची. त्यांच्या बाईचं लुगडं नेसणं माझ्या आईसारखं होतं. बोलायला मात्र गेले नाही. मॅडम म्हणाल्या असत्या, कुणाला गोळा करतीस दारात.

एका सकाळी दोन ट्रक आले. मेंढ्या चढवल्या आणि गेले. विकल्या होत्या. माणसं दुसऱ्या दिवशी बोचकी उचलून निघून गेली. त्यांचं कुत्रं मात्र ट्रकच्या मागं पळालं होतं, ते दोन दिवसांनी लंगडत परत आलं आणि त्याच प्लॉटवर झेंड्यांच्या मधे बसून राहिलं.

मॅडमना ते सकाळी फिरायला गेल्यावर दिसलं. त्यांनी मोबाईलवर फोटो जुळवून पाहिले आणि घरात येऊन साहेबांना सांगितलं, की हे ग्रेहाऊंड आहे, विदेशी जात, कुणीतरी सोडून दिलंय. आमच्याकडं त्या कुत्र्याला कारवानी म्हणतात. लांब तोंड, पाठीला लागलेलं पोट, बरगड्या लांबून मोजता येतील अशा. ते उपाशी नसतं, बांधाच तसा असतो. माझ्या वडिलांकडं दोन होती. पण मी तोंड उघडलं नाही. धनगराचं कुत्रं म्हटलं असतं तर ते फाटकाच्या आत आलंच नसतं. ग्रेहाऊंड म्हटल्यावर त्याला गादी मिळाली. मॅडमनी कुठल्याशा प्राणीप्रेमी मंडळाकडून रीतसर दत्तक घेतल्याचा कागद आणला आणि फ्रिजला लावला. आमच्यात दत्तक घेतात ते जमिनीला वारस नसला तर. ह्या कुत्र्याला काय मिळणार होतं देव जाणे, पण मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझे वडील करायचे तसा जिभेचा आवाज मी केला आणि ते सरळ माझ्याकडं आलं. त्या शहरात माझी बोली ओळखणारं ते पहिलंच भेटलं.

त्याचं एकच अवघड होतं. गाडी. पायाला मार होता म्हणून दर आठवड्याला शहरात जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, तर गाडीचं दार उघडलं की ते जमिनीला चिकटायचं. पहिल्या वेळी साहेबांनी आणि माझ्या नवऱ्यानं उचलून आत टाकलं. ते भुंकलं नाही, चावलं नाही. नुसतं थरथरत राहिलं, आणि रस्ताभर जागेवरच मुतलं. साहेबांची गाडी नवी होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला साहेबांनी ठरवलं, की पाण्याचा हा ताप पुरे, बंगला बिल्डरला देऊन पुण्याला मुलाकडं जायचं. आमची खोली किती दिवस राहील ते कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. कुत्र्याचं मात्र साहेब बोलले. सहा तासांचा रस्ता आहे, ते गाडीत नीट बसलं तर नेऊ, नाहीतर इथंच सोडावं लागेल, माझी गाडी काही जनावराची गाडी नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं ऐकतं ते. तू शिकव त्याला. तूच करू शकतेस."

कुणी तरी मला पहिल्यांदाच म्हटलं होतं, की तूच करू शकतेस. मी हुरळून गेले. शिकवलं तर ते जाणार, आणि नाही शिकवलं तर बायपासला ट्रकखाली येणार, हे मला कळत होतं. मी ठरवलं की जाऊ दे, पण चांगलं राहू दे.

आणि पहिल्याच झटक्याला मी चूक केली. ती चूक धनगराची लेकच करू शकते. माझ्याकडं वडिलांची घोंगडी होती, माहेरची आठवण म्हणून आणलेली. कितीही धुतली तरी तिचा मेंढराचा वास जात नाही. मला वाटलं, ओळखीच्या वासानं त्याला धीर येईल. मी ती मागच्या सीटवर अंथरली, दार उघडलं, आणि ते बिनबोभाट आत चढलं. नाक घोंगडीत खुपसलं. मी मॅडमना हाक मारली, बघा बघा म्हणून. साहेबांनी गाडी सुरू केली, फाटकाबाहेर काढली, आणि आत जे झालं ते मला आजही सांगवत नाही. ते मेंढरं शोधायला लागलं. सीटखाली, काचेवर, पुढच्या दोन सीटच्या मधून. जो आवाज काढला तो कुत्र्याचा वाटेना. पंज्यांनी सीटचं कव्हर फाडलं, आतला स्पंज बाहेर काढला, आणि शेवटी ओकलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्यात कुत्रं कधी गाडीत बसत नाही, ते कळपाच्या मागं चालतं. मेंढरं चालत जातात आणि चालत येतात. गाडीत चढतात ती एकदाच, आणि ती माघारी येत नाहीत. हे त्या कुत्र्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि मीच मेंढराचा वास नेऊन गाडीत ठेवला होता.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "महिना देतो. पुढं मला विचारू नका."

घोंगडी मी ट्रंकेत ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी उरकली की मी कुत्र्याला दोरीला धरून फाट्यावर न्यायला लागले. तिथं बिडकीनच्या काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या राहायच्या. मला वाटलं, लांबून गाड्या बघून तरी त्याची सवय होईल. ते माझ्या पायामागं लपायचं. चाचांची जीप तिथल्या लिंबाखाली नंबराला उभी होती. साठीचे असतील, मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर चौकटीचा रुमाल. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काय बाई, गाडी चावली का काय ह्याला?"

मी सगळं सांगितलं. घोंगडीचंसुद्धा. ते हसले नाहीत. जीपच्या बोनटवर थाप मारून म्हणाले, "हिच्याकडं बघ. घंटा झाला उभी हाय. भरल्याबगर हलायची नाय. पण मी काय करतो? चालू करतो, दहा हात पुढं घेतो. पाशिंजर पळत येतंय, गाडी निघाली म्हणून. मग दहा हात मागं. सकाळधरनं वीस डाव निघाली आन् अजून फाट्यावरच हाय. ह्याला हिच्यात बसव. गाडी चालू झाली म्हंजी कुणी जातंयच असं नाय, हे त्याला कळू दे."

जीपवाल्यांची ही खोड मला माहीत होती. मी स्वतः त्या खोडीला फसून अर्धा अर्धा तास जीपमध्ये बसले होते आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ती कुणाच्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

पहिले दोन दिवस आम्ही जीपच्या मागच्या पायरीशी नुसतं बसलो. मी पायरीवर, ते खाली. भाकरीचा तुकडा पायरीवर ठेवायचा, तो त्यानं मान लांब करून घ्यायचा. चाचा सांगायचे, त्याच्याकडं बघू नको, तू तुझी बस, त्याला वाटू दे की तुझं त्याच्याकडं लक्षच नाय. जीपला मागं दार नव्हतं, समोरासमोर दोन बाकडी आणि मागं मोकळं. पाहिजे तेव्हा उडी मारता येईल असं ते होतं, म्हणून असेल, चौथ्या दिवशी ते आपणहून वर आलं आणि बाकड्यांच्या मधे उभं राहिलं. चाचांनी गाडी चालू केली. त्यानं उडी मारली. चाचांनी बंद केली. ते परत चढलं. असं किती वेळा झालं मोजलं नाही. मग एकदा गाडी चालू झाली आणि ते उभंच राहिलं, शेपूट पोटाखाली घालून, पण उभं.

दहा हात पुढं. दहा हात मागं. त्याच लिंबाखाली परत. त्यानं बाहेर बघितलं, लिंब तिथंच होता. दुसऱ्या दिवशी परत तसंच. हळूहळू त्याचं थरथरणं कमी झालं. मग ते बसायला लागलं, आणि एक दिवस गाडी पुढं-मागं होत असताना माझ्या पायावर मान टाकून झोपलं. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

पाशिंजरांची बोलणी खावी लागली. शहरातल्या कांद्याच्या मार्केटला जाऊन परत निघालेली एक बाई रोज विचारायची, चाचा, ह्याला फुल तिकीट का हाफ. चाचा म्हणायचे, ते पाशिंजर नाय, कंडक्टर हाय, तुझ्यासारखं भांडत नाय. कुणी म्हणायचं, गाडी भरंना म्हणून आता कुत्री बसवायलेत काय. खरं म्हणजे ते आत बसलेलं लांबून दिसलं की लोक बघायला यायचे, आणि बघता बघता बसायचे. बाकीचे जीपवाले कुरकुरले, की चाचांची गाडी आधी भरायली. पुढं पुढं आम्ही पेट्रोलपंपापर्यंत जाऊन उतरायला लागलो, आणि तिथून चालत माघारी यायचो. मग चितेगावपर्यंत, आणि तिथून चाचांच्याच ओळखीच्या परतीच्या जीपनं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. एकदा मी दोरी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तर चाचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून जीपची फळी धूत होते. त्यांच्या प्यायच्या कॅनमधलं पाणी. कुत्रं बसलं होतं ती जागा, बाकड्याची कड, पायरी. फडक्यानं पुसत होते, परत पाणी घालत होते. शेजारच्या जीपवाल्यानं मला हळूच सांगितलं, की कुत्र्याची लाळ लागली तर तो कपडा नमाजाला चालत नाही, आणि ह्या गाडीत बिडकीनचे म्हातारे बसतात. रोजच धुतात, तू गेल्यावर. बिडकीनला तेव्हा नळाला पाणी आलं तर गावात बातमी व्हायची. लोक भांडी धुतलेलं पाणी ठेवून द्यायचे. आणि हा माणूस माझ्या कुत्र्यापायी रोज एक कॅन पाणी जमिनीवर ओतत होता, मला न सांगता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी बंगल्याच्या टाकीतून एक कॅन भरून फाट्यावर नेला. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता कुणाचं काही उचललं. चाचांनी कॅनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मालकाला इचारून आणलं का?"

मी मान खाली घातली.

"मंग नेऊन वत टाकीत. माझं मी बघतो."

चिडून नाही म्हणाले. मी तो कॅन भर उन्हात परत नेला आणि टाकीत ओतला. साहेबांना कळलं नाही. चाचांना मी पाणी कधीच देऊ शकले नाही.

महिना भरायच्या आत मी साहेबांच्या गाडीवर आले. ती बंद काचांची, आत वास वेगळा. चाचांनी सांगितलं तसं केलं. दोन्ही दारं उघडी ठेवून नुसतं बसायचं. मग गाडी चालू, बंद. मग फाटकाच्या आतल्या आत दहा हात पुढं, दहा हात मागं. मॅडमच गाडी घ्यायच्या, त्यांना हसू यायचं. म्हणायच्या, तू तर मला जीपवाली केलंस. शेवटी आम्ही तिघं गाडीत बसून दवाखान्यात गेलो आणि आलो. ते काचेला नाक लावून बाहेर बघत होतं, जीभ बाहेर काढून. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे. मॅडमनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मला एक साडी दिली, त्यांनी दोनदा नेसलेली, चांगली होती.

मी चाचांना सांगायला गेले. ते म्हणाले, शिकलं, पण मॅडमला सांग, लांबच्या रस्त्याला घंट्या-घंट्याला थांबवा, उतरवा, मग परत बसवा. मी तो निरोप जसाच्या तसा मॅडमना दिला. त्या "हो हो" म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मी सकाळी त्याला आंघोळ घातली नाही, पाणी नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली. सामान मोठ्या टेम्पोतून आदल्या दिवशीच गेलं होतं. गाडीची डिकी उघडली, दारं उघडली, आणि कुणी काही म्हणायच्या आत ते पळत आलं, उडी मारून चादरीवर जाऊन बसलं. ताठ. मी मॅडमकडं बघितलं. मला वाटलं, त्या टाळ्या वाजवतील.

साहेब म्हणाले, "अगं, हिला सांगितलं नाहीस का?"

मुलाच्या सोसायटीत मोठी कुत्री चालत नव्हती. मुलानं ते फोनवर सांगितलं होतं, आणि कधी, तर महिना झाला होता. म्हणजे मी फाट्यावर पायरीवर बसत होते तेव्हाच. म्हणजे पंपापर्यंत, चितेगावपर्यंत, दवाखान्यापर्यंत, सगळं ते माहीत असताना. मॅडमनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तू इतक्या मनापासून करत होतीस ना गं, तुझा हिरमोड करावासा वाटेना."

मी काय म्हणाले ते लिहिते, कारण तो राग दुसऱ्या कुणावर काढता येत नाही. मी म्हणाले, "असू द्या मॅडम." आणि पाया पडले.

साहेबांनी त्याला मानेला धरून उतरवलं. ते उतरत नव्हतं. जे कुत्रं महिनाभरापूर्वी गाडीत चढत नव्हतं ते आता गाडीतून उतरत नव्हतं, आणि ते माझंच काम होतं. मॅडमनी त्याचा गळ्यातला पट्टा काढून घेतला, आठवण म्हणून. फ्रिज गेला होता तेव्हा कागदही गेला असेल.

गाडी निघाली तसं ते मागं पळालं. कारवानी कसं पळतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. पैठण रस्त्याला लागेपर्यंत ते गाडीच्या बरोबरीनं होतं. पुढं मला दिसलं नाही. दुपार टळल्यावर आलं, चारही पंजे सोललेले, आणि फाटकासमोर बसलं. त्याला वाटत असणार, दहा हात मागं येईल. आम्ही त्याला तेच तर शिकवलं होतं. तीन दिवस ते तिथून हललं नाही. माझ्या हातची भाकरी हुंगून तोंड फिरवायचं.

बिल्डरचा माणूस आला आणि आठ दिवसांत खोली सोडा म्हणाला. नवऱ्यानं वाळूजकडं काम बघितलं होतं, कामगारांच्या शेडमध्ये एक खोली, कुत्रं-मांजर चालणार नाही. नवरा म्हणाला, सोडून दे, त्याचं ते बघंल. त्याच्यावर मी चिडले नाही. त्याला तीन ठिकाणी हात जोडावे लागले होते तेव्हा ती खोली मिळाली होती.

मी फाट्यावर गेले. चाचांना झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मॅडमविषयी एक वाकडा शब्द बोलले नाहीत. त्याचाही मला तेव्हा राग आला. म्हणाले, घराच्या मागं शेरडांचा वाडा हाय, तिथं राहील, घरात येणार नाय, घरातले दोन दिवस बोलतील आन् गप बसतील. घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला नेलं. चाचांची जीप तीच, लिंब तोच, पायरी तीच. ते जीपपासून वीस पावलांवर थांबलं आणि खाली बसलं. मी जिभेचा आवाज केला. भाकरी ठेवली. चाचांनी गाडी चालू केली, पुढं घेतली, मागं घेतली. परत पुढं, परत मागं. पाशिंजर येऊन बसले, गाडी भरली, चाचांनी त्यांना दुसऱ्या जीपमध्ये घातलं. कुत्र्यानं गाडीकडं पाठ केली आणि तोंड पंज्यांत घातलं. आम्ही उचलून टाकू शकलो असतो. मी म्हणालेसुद्धा, चाचा, उचलूया. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी जीपची किल्ली शेजारच्या जीपवाल्याच्या हातात दिली, रुमाल डोक्याला बांधला, आणि माझ्या हातातली दोरी घेतली.

"चल रे मिया," ते कुत्र्याला म्हणाले, "पायी जाऊ."

बिडकीन तिथून पंधराएक किलोमीटर. चैत्रातलं ऊन. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस त्या रस्त्यानं चालत निघाला, आणि कुत्रं उठून त्यांच्या मागं चालायला लागलं. दोरी सैल होती. मी चितेगावच्या अलीकडंपर्यंत बरोबर गेले. रुंदीकरणात झाडं तोडलेली होती, सावली म्हणून नव्हती. जाणाऱ्या जीपा हॉर्न मारायच्या, ओळखीचे ड्रायव्हर ओरडायचे, चाचा गाडी कुठं विकली. चाचा हात करायचे. दुपारी बिल्डरच्या माणसाला खोलीची किल्ली द्यायची होती म्हणून मला माघारी फिरावं लागलं. मी उभी राहून बघत राहिले. पांढरा पायजमा आणि मागं ते बारीक कुत्रं, दोन्ही धुळीत पुसट होत गेली.

ते दोघं अंधार पडायच्या आत पोचले. निम्म्या वाटेवर कुत्र्याच्या पंज्यातून परत रक्त यायला लागलं तेव्हा चाचांनी रुमाल फाडून त्याच्या पायाला बांधला होता. उघड्या डोक्यानं आले म्हणून घरात बोलणी खाल्ली. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं, त्यांनी नाही. त्या दिवसापासून त्यांचे गुडघे धरले ते सुटले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी जीप विकली. ते म्हणतात, गुडघ्याचं काही नाही, तशीही मोठ्या बसमुळं पाशिंजर राहिलं नव्हतं. तसंही असेल. मला खरं वाटत नाही.

कुत्रं अजून आहे, म्हातारं झालंय. शेरडं चरायला जातात तेव्हा मागं चालत जातं. गाडीत ते पुन्हा कधी बसलं नाही आणि कुणी बसवायला गेलंही नाही. मी वाळूजहून दोन-तीन महिन्यांनी एकदा जाते. मॅडमचा एकदा फोन आला होता, कसं आहे ते, म्हणून. मी म्हटलं, बरं आहे. त्या म्हणाल्या, बघ, सगळं चांगलंच झालं ना. मी "व्हय" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला किती बोलायचं होतं ते आठवलं, पण ते नेहमीचंच आहे.

चाचांना मी काहीच देऊ शकले नाही. नेलं ते सगळं त्यांनी हसून परत केलं. म्हणून मागच्या खेपेला त्यांच्या सुनेला मी माझा नंबर दिला, आणि सांगितलं, की चाचांना उठबस जड होईल, दवाखाना लागेल, कुणी उशाशी बसायला लागेल, तेव्हा मला पहिल्यांदा कळव. सून हसली, म्हणाली, ताई, एवढी माणसं आहेत घरात. असू देत. मी येईन. काम सुटलं तरी येईन, गाडी नाही मिळाली तर चालत येईन, आणि जे पडेल ते करीन. तोंडानं दिलेल्या शब्दाचं काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून हे इथं लिहून ठेवते. चाचा, मी फेडीन.